तुम्ही बसा की निवांत

मुलांना अभ्यासाला कसं बसवावं, त्यांच्या हातातला मोबाईल कसा सोडवावा, त्यांची संगत कशी ओळखावी, यावर आपण आईवडील वर्षानुवर्षं बोलत आलो. पालकसभेत बोललो, लग्नाकार्यात बोललो, बेळगावला जाणाऱ्या बसमध्ये शेजारच्या सीटवर कोण आहे हे न बघता बोललो. मी शाळेत शिकवत होते, म्हणून माझ्या वाट्याला हे बोलणं जरा जास्तच आलं. आता ती मुलं मोठी झाली. कुणी पुण्याला आहे, कुणी बेंगळुरूला, कुणी आखातात. कुणी घरातच आहे, पण सकाळी उद्यमबागेत कामाला जातं ते दिवेलागणीला परततं. साठी-सत्तरी ओलांडलेले आपण घरात आहोत. तेव्हा आज जरा आपलं बोलूया.

आपल्याकडे वय झालेल्या माणसाला मायेनं काय म्हणतात? "तुम्ही बसा की निवांत." सून म्हणते, मुलगा म्हणतो, फोनवरून लेक म्हणते. आई विळी ओढून भाजी चिरायला बसली की, "राहू दे आई, मी करते की." बाबा पिशवी घेऊन निघाले की, "कशाला उन्हातनं जाताय, मी मागवतो की फोनवरनं." यात खोट नसते. आपण आयुष्यभर राबलो, आता आपल्याला त्रास नको, एवढंच त्यांच्या मनात असतं. पण हे वाक्य रोज ऐकलं की हातातलं एकेक काम सुटत जातं. कामाबरोबर त्याच्याभोवतीचं सगळं जातं. बाजारात न जाणाऱ्याला खानापूरच्या रानातली पहिली अळंबी कधी आली ते कळत नाही. झाडाला पाणी न घालणाऱ्याला नवी कळी दिसत नाही. नातवाला शाळेतून आणायला न जाणाऱ्याला त्याच्या मित्रांची नावं माहीत नसतात. मग संध्याकाळी खुर्चीत बसून आपणच म्हणतो, हल्ली कशात मन लागत नाही. मन लागायला घरातलं काहीतरी आपल्यावाचून अडलेलं असावं लागतं, असं मला मनापासून वाटतं.

हे माझ्या एकटीच्या मनातलं नाही. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक लहानसा प्रयोग केला होता. १९७६ साली तो प्रसिद्ध झाला. दोन मजल्यांवरच्या वृद्धांना एकेक रोप दिलं. एका मजल्यावर सांगितलं की खोलीत सामान कसं लावायचं ते तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा ते तुम्ही ठरवा, रोप तुम्ही निवडा आणि त्याची निगाही तुम्हीच राखा. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं की तुमची सगळी काळजी आम्ही घेऊ, रोपाला पाणीसुद्धा परिचारिका घालतील. तीन आठवड्यांनी पाहिलं तर पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हसती-बोलती, जास्त हिंडती-फिरती झालेली होती. हिरवं रोप दोन्ही मजल्यांवर होतं. मायेनं वागणारी माणसंही दोन्हीकडे होती. ठरवतं कोण आणि पाणी कोण घालतं, यानं फरक पडला. दुसऱ्या मजल्यावर त्यांना जे सांगितलं गेलं ते वाचताना मला आपल्या घरातलं "बसा की निवांत" ऐकू येतं.

आता आपल्या गावाकडे बघा. बाहेरच्या माणसाला हिंडलगा म्हटलं की १९२३ सालचं मध्यवर्ती कारागृह आठवतं. सीमाभागातल्या आपल्या माणसांना १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक आठवतं. दर वर्षी त्या दिवशी तिथं माणसं जमतात आणि बहुतेक वेळा आभाळ भरून आलेलं असतं. या दोन्ही गोष्टी आपल्या आहेत. पण रोज सकाळी दार उघडल्यावर आपल्याला जे मिळतं, त्याची किंमत आपणच कमी करतो. समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवरची ही हवा. वेंगुर्ल्याचा रस्ता गावातून निघतो, सुळगा, उचगाव करत चंदगड तालुक्यात शिरतो, पुढं घाट उतरून समुद्राला भेटतो. बैलूरहून निघालेली मार्कंडेय नदी राकसकोपच्या धरणातून येते आणि आपल्या शिवारांना लागून वाहत पुढं गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. पश्चिमेला वैजनाथाचा डोंगर दिसतो. पुण्या-मुंबईची माणसं पैसे मोजून, सुट्ट्या काढून अशा ठिकाणी दोन दिवस राहायला जातात. आपण इथंच राहतो आणि टीव्हीसमोर बसतो, याचं मला वाईट वाटतं.

निसर्गात आनंद शोधायचा म्हटलं की पुष्कळांना सहल आठवते. गाडी करायची, डबे भरायचे, आंबोलीचा धबधबा बघून यायचं. तेही छान आहे, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते वर्षातून एकदा जमणार. मी म्हणते तो आनंद उंबऱ्यापासून हाकेच्या अंतरावरचा आहे, आणि तो जाणत्या माणसाला जास्त मिळतो. आपण जाणते आहोत. मे महिन्यात वळवाचे दोन पाऊस झाले की कोरड्या मातीत कुरीनं भात का पेरायचं, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. पावश्या ओरडू लागला की पेरणीची घाई, हे आपल्या कानात बसलंय. मृग लागला की कोणत्या बांधावर कुर्डू उगवतो, टाकळा कोवळा असताना खुडायचा आणि जून झाला की सोडायचा, रताळ्याचे वेल तांबड्या मातीच्या माळाला का लावायचे आणि काळ्या शिवारात भातामागं मसूर-वाटाणा का, गौरीला तेरडा कुठून आणायचा, सगळं ठाऊक आहे. शहरात वाढलेला तरुण निसर्ग बघतो तेव्हा त्याला हिरवं दिसतं. आपल्याला त्यातलं एकेक पान नावानं दिसतं. वयानं दिलेली ही दौलत आपण खर्चतच नाही.

सध्याचंच बघा. दसरा होऊन गेलाय, भाताच्या लोंब्या वाकल्यात, सुगीची तयारी सुरू आहे. पहाटे शिवारावर धुकं उतरायला लागलंय. ओढ्याकाठच्या दगडांवर शेपटी वरखाली हलवत धोबी आलाय. हा एवढासा पक्षी हिमालयाकडून, त्याच्याही पलीकडून येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातो. मुलगी सासरी-माहेरी करते तसा दर वर्षी येतो-जातो, पण तो आला हे आपल्या किती घरांत कळतं? पौष-माघात काटेसावरीची पानं झडून लाल फुलं लागतील, मग बुलबुल, साळुंक्या, पोपट सगळे तिथं जमतील. चैत्रात दयाळ पहाटेच्या अंधारात गायला लागेल. वैशाखात करवंदं, जांभळं, घरच्या फणसाची वाटणी. यातलं एकही बघायला तिकीट लागत नाही.

नुसतं बघा म्हटलं तर मात्र चार दिवस बघणं होतं आणि पाचव्या दिवशी विसरतं. म्हणून मी सांगते की एक झाड धरा. 'सीझनवॉच' नावाचा एक देशभराचा उपक्रम आहे. आपल्या ओळखीचं एखादं झाड निवडायचं, आंबा, फणस, जांभूळ, पळस, कोणतंही, आणि आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जाऊन नोंद करायची की नवी पालवी आहे का, मोहोर आहे का, फळं कच्ची की पिकलेली. केरळात शाळेतल्या मुलांनी अशा पुष्कळ नोंदी केल्यात. हवामान बदलतंय तसे झाडांचे ऋतू पुढंमागं होतायत का, हे अशा साध्या नोंदींवरून अभ्यासकांना कळतं. आता सांगा, कोणत्या वर्षी आंबा उशिरा मोहरला होता हे आपल्या पिढीइतकं कुणाला आठवतं? वही करा, तारीख घाला. फोनवर नोंद भरायचं काम नातवाला द्या. आठवड्याची ती फेरी तुमची, तुम्ही गेला नाहीत तर ती नोंद राहून जाईल.

नातवंडांचा विषय निघालाच आहे तर जरा थांबून बोलते. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाची खूण सांगितली आहे. अंगावर सुरकुत्या आल्या, केस पिकले आणि मुलाचं मूल दिसलं की गृहस्थानं वनाकडे वळावं, असं तिथं म्हटलंय. बाकी त्या ग्रंथाशी माझं पटत नाही, पण या एका गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला. नातवाचा जन्म आणि रानाची ओढ या दोन गोष्टी त्यात एकाच क्षणी येतात. जुन्या काळी त्यांना वाटलं की एक सोडल्याशिवाय दुसरं मिळणार नाही. आपल्याला तसं काही सोडायची गरज नाही. रान आपल्या गावाच्या कडेला आहे आणि नातू मांडीवर आहे. त्याचा हात धरावा आणि दोघांनी मिळून जावं.

तो येणार नाही, त्याला मोबाईलच लागतो, असं तुम्ही म्हणाल. मग मोबाईल घेऊनच जा. 'मर्लिन' नावाचं एक ॲप आहे, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेनं केलेलं, फुकट मिळतं. पक्षी ओरडत असताना फोन समोर धरला की तो कोणता असावा हे ते सांगतं. माझ्या नातवाला मी त्यात गुंतलेला बघितलाय. तो फोन धरून उभा राहतो, ॲप इंग्रजी नाव दाखवतं, मी म्हणते, "अरे, हा तर तांबट," की तो विचारतो, "आज्जी, तुला कसं माहीत?" मग भांडी घडवणाऱ्या तांबटाच्या ठोक्यासारखा हा टुकटुक करतो, म्हणून त्याचं नाव असं, हे सांगता येतं. मग तांबट म्हणजे कोण, तांब्याच्या घागरी कुठं गेल्या, पणजी पाणी कुठून आणायची, असं एकातून एक निघत जातं. त्या तासात त्याला फोन दिसत असतो आणि मला तो दिसत असतो. शाळेत इतकी वर्षं शिकवून मला जी उत्सुकता मुलांच्या डोळ्यांत क्वचित दिसली, ती इथं सहज दिसते. यात शिकवण्याचा आव आणू नका एवढंच. दमला की परत फिरा.

घरातल्या रोजच्या गोष्टींत काय एवढं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी बेळगावच्याच एका बाईंचं नाव घेते. इंदिरा संत. १९४६ साली त्यांचे पती ना. मा. संत गेले. पदरात लहान मुलं, नोकरी, घर, सगळं एकटीनं ओढलं. १९८२ साली 'गर्भरेशीम' हा त्यांचा संग्रह आला तेव्हा त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या आणि १९८४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण मला त्यांचं उतारवयातलं आणखी एक काम फार जवळचं वाटतं, ते म्हणजे 'मालनगाथा'. जात्यावर दळताना, बाळाला जोजवताना आपल्या आज्या-पणज्यांनी म्हटलेल्या ओव्या त्यांनी गोळा केल्या आणि एकेका ओवीतलं घर उलगडून दाखवलं. भावाची वाट बघणारी बहीण, रांगणारं बाळ, दारची तुळस, माहेरची वाट. एवढी मोठी कवयित्री, तिनं उतरत्या वयात जात्यापाशी बसलेल्या बाईचे शब्द इतक्या आदरानं हाताळावेत, यानं मला फार धीर येतो. आपल्यापैकी किती जणींना अजून ओव्या येतात? किती जणांना आपल्या शिवारातल्या प्रत्येक तुकड्याचं जुनं नाव ठाऊक आहे? ते लिहून ठेवायचं काम आपल्याशिवाय कुणाला जमणारं नाही. मुलांना ते आत्ता नको असेल. तरी लिहा.

आता थोडं अवघड बोलते. सगळ्यांचं घर भरलेलं नसतं. जोडीदार गेलेला असतो, मुलगा परदेशात असतो, घरात दोन बंद खोल्या आणि एक चालू पंखा असतो. अशा माणसाला "आनंदी राहा" म्हणणं म्हणजे त्याच्या दुःखाकडे पाठ फिरवणं. मी तसं म्हणणार नाही. मी एवढंच विचारते, मुलाच्या फोनवर तुमचं काय बोलणं होतं? "जेवलात का?" "जेवलो." "गोळ्या घेतल्या?" "घेतल्या." संपलं. दोघांनाही मनात पुष्कळ असतं आणि बोलायला विषय नसतो. विषय आपण पैदा करायला हवा. जूनमध्ये मार्कंडेयचं पाणी लाल झालं की त्याचा फोटो पाठवा. जुलैत राकसकोप किती भरलं ते सांगा. बेळगावचा माणूस जगात कुठंही असो, त्याला त्याची उत्सुकता असते. परसातली अबोली फुलली, दारात लावलेल्या ढब्बू मिरचीला पहिली मिरची लागली, शेजारच्या शेवग्यावर सुगरणी लोंबकळतं घरटं विणतायत, हे सांगा. आणि त्याच्या खिडकीतून काय दिसतं ते विचारा. माझी मैत्रीण आपल्या लेकाला रविवारी फोनवरून आमटी शिकवते. लेक तिकडं फोडणी करतो, ही इकडं "आता चिंच घाल की" म्हणून ओरडते. त्या घरातलं एकटेपण त्यानं गेलं असं नाही, पण रविवार तिचा झाला.

अंथरुणाला खिळलेल्यांचंही विसरू नका. रॉजर उलरिक नावाच्या संशोधकानं १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती त्यांना, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा, कडक वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. रुग्ण मोजकेच होते, ४६. तरी ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे त्यांनी आजच खाट खिडकीशी ओढावी, असं मला ते वाचून वाटलं. बाहेर काही नसेल तर एक कुंडी ठेवावी. आणि उठून बसता येत असेल तर पाण्याचा लहान तांब्या त्यांच्याच हाताशी ठेवावा.

तरुण आईवडिलांनो, तुम्हीही हे वाचत असाल. तुमच्या घरातल्या आज्जी-आजोबांना विश्रांती जरूर द्या. त्यांना गॅसचं सिलिंडर उचलायला लावू नका, पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर एकटं सोडू नका, डोळे-गुडघे वेळेवर दाखवा. पण घरातला एखादा निर्णय त्यांच्याकडे राहू द्या. आज भाजी कोणती आणायची, परसात काय लावायचं, उन्हाळ्यात सांडगे किती घालायचे. आणि एकदा दिलं की त्यात लुडबूड करू नका. आजोबांनी आणलेली वांगी जरा जून निघाली तरी भाजी करा. त्यांच्या हाताला उशीर लागतो म्हणून काम काढून घेतलंत तर तुमची पाच मिनिटं वाचतील आणि त्यांची सकाळ जाईल. म्हाताऱ्या आईवडिलांना मुलांकडून पोटगी मागता येईल असा कायदा २००७ साली झाला. तो हवाच होता. घरात त्यांना वाटा देणं मात्र तुमच्या हातात आहे.

आणि आपण ज्येष्ठांनी वाटा मागायला लाजू नये. कुणी देईल म्हणून रुसून बसण्यात वर्षं जातात. सून म्हणाली "बसा की निवांत" तर म्हणावं, "बसते की, पण विळी घेऊन बसते." बाबांनी म्हणावं, दुधाची आणि फुलांची फेरी माझी. शेत कसायला दिलेलं असलं तरी बांधावर जाऊन यावं, भात कधी कापायचं यावर आपलं मत सांगावं. ऐकतील, न ऐकतील. मत असणं महत्त्वाचं.

दिवाळी आता तोंडावर आहे. बाहेरगावची मुलं येतील, चार दिवस राहतील. या वेळी सगळा फराळ आधी करून डबे भरून ठेवू नका. काहीतरी त्यांच्याबरोबर करायला शिल्लक ठेवा. मी लेकीला सांगितलंय, अनारशाचं पीठ मी करून ठेवते, जाळी पडेपर्यंत तळायचं काम तुझं, मी शेजारी बसून सांगेन. जावयाला परसातल्या अळवाचा गड्डा काढायला लावणार आहे. आणि पाडव्याच्या सकाळी आंघोळी झाल्या की नातवाला घेऊन उचगावच्या रस्त्यानं जाणार आहे. भात कुठं कापलंय, कुठं उभं आहे ते त्याला बघायचंय, आणि आमच्या जांभळाची त्या आठवड्याची नोंदही व्हायची आहे. तुमच्याकडचं झाड कोणतं, ते ठरवून ठेवा. भेटलो की विचारीन.